भोगीची भाजी, बाबांची शुगर आणि गाजरावरचा आळ

आमचे बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते, साताऱ्यात, मेकॅनिक म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक होऊन रिटायर झाले, आता वय ६६. डायबेटिस ९ वर्षांपासून. इन्सुलिन नाही, शुगरची गोळी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ एवढंच. बीपी थोडं, किडनी ठीक, डोळे दरवर्षी तपासतो. डिसेंबरात तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ८.१ आली आणि घरात धरपकड सुरू झाली. काय खाल्लं, कोणी दिलं, कधी दिलं. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते त्यामुळे घरात कोणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्या मोबाईलवर येतो आणि मग डॉक्टरकडे जातो, हे बरोबर नाही पण असंच आहे.

आता चार्टबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुठल्यातरी मोफत तपासणी शिबिरात एक छापील कागद मिळाला होता, आईने तो फ्रिजला लावलाय, त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, जमिनीखाली उगवणारे सर्व पदार्थ पूर्ण बंद, आणि खाली नावं: बटाटा, रताळं, सुरण, बीट, गाजर. बाबांनी बटाटा सोडला नाही (वड्यातला बटाटा हा बटाटा नसतो म्हणे) पण गाजर मात्र इमानदारीत सोडलं, चार वर्षं. सोडायला सगळ्यात सोपं तेच होतं ना.

भोगीच्या दिवशी काय झालं

जानेवारीत भोगीला आत्या आलेली. भोगीची भाजी म्हटल्यावर गाजर येणारच, वांगं, घेवडा, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, तिळाचं कूट आणि गाजर, त्याशिवाय ती भोगीची भाजी कसली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी. बाबा सणाचं म्हणून मनापासून जेवले. दोन भाकऱ्या, आणि आईच्या भाकऱ्या म्हणजे ताटाएवढ्या असतात, वाडगाभर खिचडी, दोनदा भाजी, आणि मग आत्याने आणलेल्या तिळाच्या वड्या, त्या तीन. चौथी मी काढून घेतली.

जेवल्यावर दोन तासांनी मशीन काढलं. २६८.

आत्या स्वतः १५ वर्षांची डायबेटिक, ती लगेच म्हणाली, "वहिनी, भाजीत गाजर घातलंस ना तू, तरी मी म्हणतच होते." आई बिचारी गप्प. आणि घरातल्या सगळ्यांना ते एकदम पटलं सुद्धा, मलाही अर्धा मिनिट पटलं, कारण चार वर्षांत बाबांनी पहिल्यांदा खाल्लेली नवी गोष्ट तीच होती. भाकरी, खिचडी, गूळ हे सगळं नेहमीचंच होतं, नेहमीच्या माणसावर कोण संशय घेतं?

पण माझं लक्ष बाबांच्या बोटाकडे गेलं. नखाला तीळ चिकटलेला. म्हणजे वडी खाऊन हात पंचाला पुसलेले, धुतलेले नाहीत, आणि त्याच बोटाला सुई टोचली. हात साबणाने धुवायला लावले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून परत घेतली तर २३३.

एकाच माणसाची, दोन मिनिटांच्या अंतराने. यातला थोडा फरक मशीनचा पण असू शकतो, कारण ग्लुकोमीटरला १०० च्या वर दोन्हीकडे १५ टक्के चूक चालते असं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच आहे, पण बोटावरच्या गोडाने आकडा फुगतो हे नक्की. गुळात ग्लुकोज असतं थोडं, आणि स्ट्रिपला रक्ताचा थेंब लागतो तो इतका छोटा की बोटावरचा किंचित चिकटपणा सुद्धा त्यात मोठा दिसतो. २०११ साली जपानमधल्या डॉक्टरांनी हे नीट करून दाखवलेलं, धडधाकट लोकांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावली आणि हात न धुता शुगर घेतली तर आकडे भलतेच वर, स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही पूर्ण खाली येईनात, नळाखाली धुतल्यावर बरोबर आले. म्हणजे बोळा फिरवला की झालं असं जे आपण समजतो ते पण तितकंसं खरं नाही. तेव्हापासून आमच्याकडे मशीनच्या डब्यावर चिठ्ठी आहे, हात धुतले का.

तरी २३३ म्हणजे काही कमी नाही. जेवणानंतर १८० च्या आत हवी असं डॉक्टर सांगतात. मग वाढवली कोणी?

थाळीचा हिशोब

रात्री मी आईला विचारून विचारून हिशोब मांडला. भाजीत गाजरं दोन, मिळून पाव किलोच्या आत, जेवणारी माणसं सहा. बाबांनी दोनदा घेतली म्हणून त्यांच्या वाट्याला जरा जास्त धरलं तरी ४० ग्रॅम, ५० ग्रॅम. गाजरात १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, त्यातले पावणेतीन ग्रॅम फायबर जे साखर म्हणून रक्तात येतच नाही, आणि जवळपास ८८ टक्के नुसतं पाणी. म्हणजे बाबांच्या पोटात गाजरातून फार तर ५ ग्रॅम कार्ब गेले.

भाकऱ्या: एकीला ६०-६५ ग्रॅम पीठ धरलं तरी ४० ग्रॅम कार्ब, दोनच्या ८०. खिचडीचे ३५ तरी. तीन वड्यांमधल्या गुळाचे २० धरा. म्हणजे गाजर सोडून १३५, गाजराचे ५. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण गाजर गोड असतं ना." हीच तर गंमत आहे, जिभेला गोड लागतं ते आपल्याला दिसतं. १०० ग्रॅम गाजरात साखर पावणेपाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅम कार्ब आणि तो जिभेला अजिबात गोड लागत नाही, म्हणून भाताला कोणी साखर म्हणत नाही. बाजरीची भाकरी तर आमच्याकडे "शुगरला चांगली" म्हणूनच खातात, आणि ती चपातीपेक्षा बरी असेलही, पण दोन ताटाएवढ्या?

बाबा हे सगळं ऐकत होते. मग त्यांनी वर्कशॉपची भाषा काढली. "गाडी गरम होते म्हणून आल्याआल्या हेड खोलायचं नसतं. आधी पाणी बघायचं. आणि एका टायमाला एकच पार्ट बदलायचा, चार बदलले की कशाने दुरुस्त झाली ते कळतच नाही."

मला खरंच हे आमच्या प्रॅक्टिकलच्या तासाला सांगावंसं वाटलं, प्रयोगातला कंट्रोल म्हणजे काय, बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची, ते पोरांना इतकं सोपं करून मला कधी जमलं नव्हतं.

वहीतले आकडे

डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवला, आणि म्हणाले करा टेस्ट, इन्सुलिनवर किंवा शुगर एकदम खाली नेणाऱ्या गोळीवर असते तर एवढं मोकळं सोडलं नसतं. हे इथे मुद्दाम लिहितेय, कारण कोणी वाचून सकाळचा नाश्ता सोडून नुसतं गाजर खाऊन बसायला नको, तशा गोळ्या चालू असतील तर शुगर उतरून चक्कर येईल. नवीन डोसवर दोन आठवडे जाऊ दिले आणि मग सुरुवात.

बाबांनी जुनी लॉगशीटसारखी रेघा मारलेली वही काढली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती ग्रॅम, हात धुतले/नाही. प्रत्येक टेस्ट दोन वेगवेगळ्या दिवशी, सरासरी घेतली. स्ट्रिप काही फुकट येत नाहीत त्यामुळे यापेक्षा जास्त वेळा परवडलं नाही.

पहिली, नुसतं कच्चं लाल गाजर, १५० ग्रॅम, सकाळी चहाच्या ऐवजी, चावून. आधी १२४, एक तासाने १३९, दोन तासांनी १२७. मशीनची चूक धरली तर एक तासाचा चढ खरा की खोटा हे सुद्धा छातीठोक सांगता येत नाही, इतका तो कमी आहे. बाबा मशीन हलवून हलवून बघत होते.

दुसरी, दुपारी दोन भाकऱ्या आणि पालेभाजी, गाजराचा तुकडा सुद्धा नाही. १२१ वरून एक तासात १९६, दोन तासांनी १७८. म्हणजे गाजर नसताना.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची निघाली. त्याच दोन भाकऱ्या, तीच भाजी, पण आधी मोठी वाटी गाजराची कोशिंबीर, दही, दाण्याचं कूट, वरून जिऱ्या-हिंगाची फोडणी, ती पूर्ण संपवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग भाकरीला हात लावायचा. एक तासाने १७१, दोन तासांनी १६४. कार्ब उलट वाढले होते, गाजराचे आणि दह्याचे, तरी आकडा खाली! हे काही गाजराची जादू म्हणून नाही, काकडी-मुळ्याने पण थोडंफार असंच होईल. पोटात आधी फायबर, प्रोटीन, स्निग्ध पदार्थ गेले की पोट रिकामं व्हायचा वेग कमी होतो आणि मागून आलेली भाकरी सावकाश पुढे सरकते. २०१५ ला न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमधल्या डॉक्टरांनी ११ डायबेटिक लोकांवर असं बघितलेलं, तेच जेवण, एकदा ब्रेड-ज्यूस आधी आणि एकदा भाजी-चिकन आधी, भाजी-चिकन आधी दिल्यावर एक तासाची शुगर तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी आली. ११ च माणसं होती, छोटा अभ्यास, पण आमच्या एका माणसापेक्षा तरी मोठा.

आपल्याकडे ताटात कोशिंबीर डावीकडे वाढायची पद्धत आहे आणि ती चमचाभरच असते, तोंडी लावण्यापुरती. आई म्हणाली आता ती डाव्या बाजूची उजवीकडे आणावी लागणार.

चौथी ज्यूसची. बाबा सकाळी फिरायला जातात तिथे ग्राउंडच्या गेटवर ज्यूसवाला बसतो, गाजर-बीट, कारलं, दुधी, आणि फिरायला आलेले निम्मे लोक डायबेटिक, ते ज्यूस पिऊनच घरी जातात, आरोग्य म्हणून. तोच मोठा ग्लास, गाजराचा, साखर न घालता. १२२ वरून पाऊण तासात १८३. तेच गाजर की! पण एका मोठ्या ग्लासाला अर्धा किलोच्या वर गाजर जातं, ते बसून चावायला बाबांना अर्धा-पाऊण तास लागला असता आणि मध्येच जबडा दुखला असता, ज्यूस तीन घोटात संपला. चोथा मागे बादलीत. आणि ज्या पेशींच्या भिंतींमध्ये ती साखर अडकलेली असते त्या मिक्सरने आधीच फोडून दिलेल्या, म्हणजे पोटाला काही कामच उरलं नाही. त्या ज्यूसवाल्याच्या बादलीतला चोथा समोरची म्हैस खाते, बाबांचं म्हणणं की शुगर कंट्रोल म्हशीची होत असणार.

पाचवी टेस्ट गाजर हलव्याची ठरली होती, ती आईने परस्पर रद्द केली. पण त्याचा हिशोब कागदावर करता येतो: आईचं माप एक किलो गाजर, एक लिटर दूध, पाव किलो साखर. गाजराचे कार्ब ९६ ग्रॅम, दुधाचे ५० च्या आत, साखरेचे २५०. म्हणजे हलव्याचं नाव गाजराचं आहे आणि काम साखरेचं. हलवा खाल्ला आणि शुगर वाढली म्हणून "गाजर सोसत नाही" म्हणणारे आमच्या नात्यात किमान तीन जण आहेत.

९२ चा आकडा

मग गाजराची एवढी बदनामी कशी झाली? एक तर तो जमिनीखालचा नियम, त्यावर येतेच. पण दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९८१ साली कॅनडात टोरंटो युनिव्हर्सिटीत डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या टीमने ग्लायसेमिक इंडेक्स (जीआय) ही कल्पना मांडली, कुठला पदार्थ रक्तात साखर किती चढवतो त्याचा क्रमांक, ग्लुकोज म्हणजे १००. कल्पना फारच उपयोगी होती, आजही वापरतात. त्या पहिल्या टेबलात ६२ पदार्थ होते आणि त्यात गाजराला मिळाले ९२. म्हणजे जवळजवळ ग्लुकोजच!

आता त्या आकड्याला शेजारी अधिक-उणे २० असं लिहिलेलं होतं, म्हणजे खाणाऱ्या मोजक्या माणसांमध्ये आकडे इकडे-तिकडे पसरलेले होते. पण अधिक-उणे कोण वाचतं, ९२ तेवढा सगळीकडे गेला. नंतर इतरांनी परत परत मोजलं. २००२ च्या आंतरराष्ट्रीय टेबलात गाजराचे चार आकडे शेजारी शेजारी आहेत, कच्चं १६, उकडलेलं ३२ आणि ४९, आणि तो जुना ९२, सरासरी ४७. २००८ च्या टेबलात उकडलेल्या गाजराला ३९. ५५ च्या खाली म्हणजे कमी जीआय, त्यामुळे गाजर केव्हाच सुटलं होतं, निकाल फक्त चार्ट छापणाऱ्यांपर्यंत पोचला नाही.

आणि अजून एक. जीआय मोजताना प्रत्येक पदार्थ इतका द्यायचा की त्यातून ५० ग्रॅम पचणारे कार्ब मिळतील. भाताचं ते वाडगाभर होतं. गाजराचं? जवळपास ७०० ग्रॅम. बसून ७०० ग्रॅम गाजर कोण खातं हो, बैल सुद्धा पोळ्याला नाही खाणार. म्हणून पुढे १९९७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी ग्लायसेमिक लोड आणला, म्हणजे वेग आणि खाल्लेलं प्रमाण दोन्ही धरून, त्यात ८० ग्रॅम गाजराला जेमतेम ३ मार्क मिळतात आणि १० च्या आत म्हणजे कमी.

जमिनीखालचा नियम मी वर्गात सुद्धा फोडून दाखवते. बटाट्यात १०० ग्रॅमला १७-१८ ग्रॅम कार्ब, रताळ्यात २०, तिथे नियम ठीक वाटतो. पण मुळा जमिनीखालीच, त्यात साडेतीनच्या आत. कांदा जमिनीत, साधारण गाजराएवढेच कार्ब, त्याला कोणी हात लावत नाही कारण कांदा बंद केला तर महाराष्ट्रात बंड होईल. आणि बाबांनी जे विचारलं त्याला चार्टवाल्यांकडे उत्तर नसणार: "शेंगा पण जमिनीखालीच येतात की गं." भाताचं पीक मात्र वर, वाऱ्यावर डोलणारं, एकदम निर्दोष.

पुढचा भाग, तळहात

गाजर निर्दोष सुटलं आणि बाबा सुटले. चार वर्षांचा बॅकलॉग भरून काढल्यासारखं रोज अर्धा किलो, सकाळी कच्चं, दुपारी कोशिंबीर, चारला परत दोन काप. लाल गाजरं संपत आल्यावर केशरी. मार्चच्या शेवटाला आई फोनवर रडत, "अगं ह्यांना कावीळ झालीय, हात पिवळे झालेत."

व्हिडिओ कॉलवर तळहात बघितले, खरंच पिवळे-नारिंगी, तळपाय पण, नाकाच्या बाजूला पण थोडं. म्हटलं डोळे दाखवा. डोळ्याचा पांढरा भाग पांढराशुभ्र. लघवी नेहमीची. तिथेच माझा जीव खाली पडला, कारण काविळीत डोळे आधी पिवळे होतात, आणि गाजराच्या रंगाने डोळे पिवळे होत नाहीत. तरी डॉक्टरांकडे पाठवलं, बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढतं ते, नॉर्मल. याला कॅरोटिनेमिया म्हणतात, अमेरिकेत १९१९ मध्ये दोन डॉक्टरांनी हे नाव दिलं, गाजरातलं बीटा कॅरोटिन जास्त झालं की कातडीच्या वरच्या थरात आणि चरबीत साठतं, आणि तळहात-तळपायाचं कातडं जाड म्हणून तिथे आधी दिसतं. डायबेटिस आणि थायरॉइडवाल्यांमध्ये हे जरा जास्त आढळतं. नुकसान काही नाही. शरीर बीटा कॅरोटिनचं व्हिटॅमिन ए गरजेपुरतंच बनवतं त्यामुळे गाजराने व्हिटॅमिन एची विषबाधा होत नाही, ती होते गोळ्यांनी.

गाजर आठवड्यातून तीन-चार दिवस, एक वाटी, एवढ्यावर आणलं. रंग जायला सहा-सात आठवडे लागले. या काळात बाबा बसमध्ये ओळखीचे कंडक्टर भेटले की तळहात दाखवून त्यांना घाबरवायचे.

किडनीचं पण सांगून ठेवते, १०० ग्रॅम गाजरात पोटॅशियम ३२० मिलीग्रॅम असतं, अर्धा किलो म्हणजे १६००. बाबांचं क्रिएटिनिन ठीक आहे म्हणून निभावलं, ज्यांची किडनी अधू आहे त्यांनी असला बॅकलॉग भरून काढायला जाऊ नये.

याच दरम्यान बाबांचे एक वर्कशॉपचे मित्र घरी आले, दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणारे, त्यांना कोणीतरी सांगितलेलं की चावत बसण्यापेक्षा बीटा कॅरोटिनच्या कॅप्सूल घे, डोळ्यांना आणि फुप्फुसाला बरं. मी त्यांना फिनलंडची गोष्ट सांगितली. २९ हजारांच्या वर सिगारेट ओढणारे पुरुष, त्यातल्या काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटिनची गोळी, कॅन्सर कमी होईल या आशेने, आणि १९९४ ला निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतही असाच दुसरा प्रयोग चालू होता तो १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला. गाजर खाण्याने असं दिसलेलं नाही, हा प्रकार गोळीचा. काका म्हणाले, मग सिगारेटचं काय? मी म्हटलं तेच तर मी पण विचारतेय.

डोळ्यांबद्दल थोडंच. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर रात्री दिसत नाही, रातांधळेपणा, तो गाजराने सुधारतो, हे खरं. पण चष्म्याचा नंबर उतरत नाही आणि डायबेटिसने पडद्यावर होणारा बिघाड त्याने थांबत नाही, त्याला वर्षाची तपासणीच पाहिजे. आणि कॅरोटिन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, थोडं शिजवलं तर अजून बरं, म्हणून आपली फोडणीची कोशिंबीर, दाण्याचं कूट, भोगीची भाजी हे सगळं नुसत्या कच्च्या सॅलडपेक्षा हुशारीचं आहे.

एप्रिलचा रिपोर्ट

एचबीए१सी ७.२.

आत्याला फोनवर कळल्यावर तिचा पुढचा प्रश्न, "गाजराने उतरली का मग?" म्हणजे जानेवारीत गाजराने चढली आणि एप्रिलमध्ये गाजराने उतरली! खरं काय झालं ते वहीत आहे. गोळीचा डोस वाढला. भाकरी दोनवरून दीड झाली, तीही लहान तव्यावरची. रात्रीचा भात गेला. ज्यूस बंद. जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतून चक्कर. कोशिंबीर आधी. इतके पार्ट एकदम बदलले की बाबांच्याच नियमाने कशाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही, त्यातला सगळ्यात मोठा वाटा गोळी आणि भाकरीचा असणार असं मला वाटतं, गाजराचा स्वतःचा वाटा काढायचाच म्हटला तर एवढाच की त्याने ताटातली जागा अडवली आणि पोट भरलं. आणि एक माणूस, दोन-दोन दिवसांचे आकडे, घरचं मशीन, हे काही संशोधन नाही, दुसऱ्या कोणाच्या घरी कच्च्या गाजराने २५-३० चा चढ आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यांनी आपली वही करावी.

फ्रिजवरचा चार्ट अजून आहे. बाबांनी पेनाने गाजरावर रेघ मारली आणि समोर लिहिलं "चेक केले, ओके", खाली सही आणि तारीख, वर्कशॉपमध्ये गाडी पास करताना करायचे तशी. बीटाच्या पुढे "चेक करणे बाकी". रताळ्याच्या पुढे प्रश्नचिन्ह, ते आषाढीच्या आधी व्हायला पाहिजे म्हणतात, १५० ग्रॅम, उकडून, दोन दिवस. बटाट्याच्या पुढे काहीच लिहिलेलं नाही, तो त्यांना मोजायचाच नाहीये.